नौकेतील सात देवता: दोन जपानी ठसाचित्रांतील आकृती ओळखण्यासाठी मदत हवी आहे

जलरेघ (प्रश्न)

नमस्कार. मी गेल्या वर्षभरापासून लाकडी ठशांवरून चित्रे छापण्याचे काम शिकत आहे आणि त्यासाठी एका संग्रहालयाने महाजालावर खुली केलेली जुनी जपानी चित्रे नियमितपणे पाहत असते. त्यांपैकी दोन चित्रांनी मला गेले काही दिवस अडवून धरले आहे. दोन्हींचा विषय ‘शिचिफुकुजिन’, म्हणजे जपानमधील सौभाग्याच्या सात देवता, असा नोंदवलेला आहे. त्यापलीकडे नोंदीत काहीही माहिती नाही.

पहिले चित्र तीन कागद शेजारी शेजारी जोडून तयार होणारे, भरपूर रंगांचे आहे. पुढच्या बाजूला अजगरासारखे तोंड असलेल्या नौकेत सात जण बसलेले आहेत. एकाच्या हाती गळ आणि काखेत मोठा लाल मासा आहे. एक चिलखतधारी आहे. दोन लठ्ठ, हसरे पुरुष आहेत आणि दोघांजवळही पोती आहेत, त्यामुळे त्यांच्यात फरक कसा करायचा हे मला समजत नाही. एका स्त्रीच्या हाती वीणेसारखे वाद्य आहे. मात्र दुसरीही एक स्त्री आहे, तिच्या तळहातावर ज्वाळा निघणारे रत्न आहे, आणि मी वाचलेल्या कोणत्याही यादीत दुसरी स्त्री नाही. याद्यांमध्ये दोन दाढीवाले वृद्ध सांगितलेले असतात. येथे मात्र एकच वृद्ध दिसतो. उजव्या कागदाच्या कोपऱ्यात दोन छोटे गोल शिक्के एकाखाली एक उमटवलेले आहेत.

दुसरे चित्र अगदी साधे आहे. पातळ कागद, फक्त काळी शाई, लहानशी नौका, शिडावर एकच मोठे चिनी अक्षर आणि वरच्या बाजूला चार-पाच ओळींचा मजकूर. कागदावर आडव्या-उभ्या घड्यांच्या खुणा इतक्या ठळक आहेत की एका देवतेचा चेहरा त्यात जवळजवळ नाहीसा झाला आहे. असा चुरगळलेला, कमी कष्टांत छापलेला कागद संग्रहालयाने इतक्या काळजीने का जपला असावा, हा प्रश्न मला पहिल्या चित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पूर्वरंग (उत्तर)

जलरेघ, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की चित्र न पाहताही बरेच सांगता येईल. या देवतांची ओळख पटवताना चेहऱ्याकडे पाहू नये, हातांकडे आणि पायाशी ठेवलेल्या वस्तूंकडे पाहावे, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. कारण चेहरे प्रत्येक चित्रकार आपल्या मर्जीने काढतो, वस्तू मात्र सहसा बदलत नाहीत.

गळ आणि मासा असलेला तो एबिसु. सातांपैकी मूळचा जपानी असा हा एकटाच. मासा ‘ताइ’ जातीचा असतो आणि ‘मेदेताइ’ या शब्दाचा अर्थ शुभ, मंगल असा आहे. म्हणजे मासा हा तेथे चित्रात काढलेला श्लेष आहे. चिलखतधारी तो बिशामोनतेन, म्हणजे संस्कृतातील वैश्रवण. त्याच्या एका हातात भाला आणि दुसऱ्या तळहातावर छोटा स्तूप असावा. वाद्य वाजवणारी बेन्झाइतेन; तिचे वाद्य वीणा नसून ‘बिवा’ आहे.

आता आपल्या दोन लठ्ठ पुरुषांविषयी. ज्याच्या डोक्यावर चपटी, फुगीर टोपी आहे, हातात लाकडी हातोडा आहे आणि पायाखाली तांदळाच्या पेंढ्याने बांधलेल्या गासड्या आहेत तो दाइकोकुतेन. हातोडा हवेत हलवला की हवी ती संपत्ती बाहेर पडते, अशी समजूत आहे. आसपास उंदीर असेल तर शंकेला जागाच उरत नाही. दुसरा, ज्याचे वस्त्र सुटलेले आहे, पोट उघडे आहे आणि हातात चपटा पंखा आहे, तो होतेइ. हा दहाव्या शतकाच्या प्रारंभी चीनमध्ये निवर्तलेला एक भटका भिक्षू. त्याला मैत्रेय बुद्धाचा अवतार मानू लागले आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘कापडी पिशवी’ असा आहे. म्हणजे पोते दोघांकडे असले तरी होतेइचे पोते हीच त्याची ओळख आहे, तर दाइकोकुची ओळख हातोडा आणि गासड्या यांनी होते.

दुसऱ्या स्त्रीचा प्रश्न सर्वांत रंजक आहे. फुकुरोकुजु आणि जुरोजिन हे दोन्ही वृद्ध चिनी परंपरेतील एकाच ताऱ्याचे, दक्षिण आकाशातील दीर्घायुष्य देणाऱ्या वृद्धाचे, मानवी रूप मानले जातात. एकच देवता दोनदा कशाला, असा विचार करून काही वेळा त्यांपैकी एकाला वगळले जात असे आणि त्याच्या जागी किचिजोतेन हिला घेतले जात असे. ही मूळची लक्ष्मी, आणि तिच्या तळहातावर इच्छापूर्ती करणारे रत्न असते. सातांचा हा गट मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) आकाराला आला, पण त्यातील नावे एदो काळापर्यंत (सतरावे ते एकोणिसावे शतक) अशी थोडीफार हलत राहिली. त्यामुळे यादीत न बसणारे चित्र म्हणजे चुकीचे चित्र असे समजण्याचे कारण नाही.

शिक्क्यांकडे वळू. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, विक्रीसाठी छापल्या जाणाऱ्या चित्रांना तपासनिसांची मान्यता घ्यावी लागत असे आणि त्या मान्यतेच्या शिक्क्याचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. 1843 ते 1847 या काळात एका तपासनिसाच्या नावाचा एकच शिक्का असे. 1847 ते 1852 या काळात दोन तपासनिसांचे दोन शिक्के असत. आपले दोन गोल शिक्के नावांचे असतील तर चित्र या पाच-सहा वर्षांतले आहे. हा काळ 1842 च्या कडक निर्बंधांनंतरचा आहे. नट आणि गणिका यांच्या चित्रांवर तेव्हा बंदी आली, रंगांचे ठसे सात-आठपेक्षा अधिक वापरू नयेत आणि एका कागदाची किंमत 16 मोनपेक्षा (मोन हे तेव्हाचे तांब्याचे नाणे) जास्त असू नये, असे आदेश निघाले. अशा दिवसांत सौभाग्याच्या देवता हा प्रकाशकाला निर्धोक आणि हमखास खपणारा विषय होता. उतागावा कुनियोशी यांच्यासारख्या कल्पक चित्रकाराने तर फुकुरोकुजुच्या लांबलचक डोक्याच्या गमतींवर एक स्वतंत्र चित्रमालाच केली.

आपल्या दुसऱ्या, काळ्या शाईच्या चित्राविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत, त्यांनी लिहावे.

अक्षरवेल (उत्तर)

दुसऱ्या चित्राविषयी मी लिहिते, कारण मला ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रिय आहे.

त्याला ‘ताकाराबुने’, म्हणजे खजिन्याची नौका, म्हणतात. एदो शहरात नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी फेरीवाले ‘ओताकारा, ओताकारा’ असे ओरडत हे कागद विकत आणि लोक त्या रात्री ते उशीखाली ठेवून झोपत, जेणेकरून वर्षातले पहिले स्वप्न शुभ पडावे. फुजी पर्वत, ससाणा आणि वांगे ही त्या स्वप्नातली सर्वांत उत्तम दृश्ये मानली जात. स्वप्न वाईट पडलेच तर कागद पाण्यात सोडून देत आणि त्याच्याबरोबर अशुभही वाहून जाई. शिडावरचे अक्षर बहुधा ‘खजिना’ या अर्थाचे असते; काही चित्रांत त्या जागी ‘बाकु’ या प्राण्याच्या नावाचे अक्षर असते, कारण बाकु वाईट स्वप्ने खाऊन टाकतो असे मानतात.

आता घड्यांच्या खुणांचा विचार करा. हा कागद भिंतीवर लावण्यासाठी नव्हता. तो एका रात्रीच्या कामासाठी विकत घेतला जाई आणि त्यानंतर बहुधा टिकतच नसे. आपल्या कागदाला पडलेल्या घड्या कोणाच्या तरी उशीखालच्याच आहेत असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण संग्राहकही कागद दुमडून वहीत ठेवत असत. तरीही जे वापरून संपून जाण्यासाठीच जन्माला आले होते त्यातले काही आपल्यापर्यंत पोहोचले, एवढे कारण ते जपण्यास मला पुरेसे वाटते.

वरच्या मजकुराचे सौंदर्य मात्र पाहण्यापेक्षा ऐकण्यात आहे. ती 31 अक्षरांची एक कविता असते: ‘ना-का-कि-यो-नो, तो-ओ-नो-ने-फु-रि-नो, मि-ना-मे-सा-मे, ना-मि-नो-रि-फु-ने-नो, ओ-तो-नो-यो-कि-का-ना’. दीर्घ रात्रीच्या गाढ झोपेतून सारे जागे होतात, आणि लाटांवर स्वार झालेल्या नौकेचा आवाज किती सुखद आहे, असा तिचा भाव आहे. आता तीच अक्षरे शेवटून सुरुवातीकडे वाचा. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण लहानपणी जसे उलट वाचून पाहिले, तसेच येथे सबंध कविता उलटीही तीच राहते. मधोमध सोळावे ‘सा’ हे अक्षर एकटे उभे असते. जुन्या लेखनात ‘का’ आणि ‘गा’ किंवा ‘फु’ आणि ‘बु’ यांच्यात खूण करून फरक दाखवत नसत, म्हणूनच हे साधते. रात्रीकडून सकाळकडे आणि सकाळकडून पुन्हा रात्रीकडे नेणारी कविता झोपणाऱ्याच्या उशीखाली ठेवावी, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

आणखी एक. या नौकेत सात देवता सुरुवातीपासून नव्हत्या. क्योतोमधील गोजो तेनजिन या देवस्थानाची नौका सर्वांत जुनी मानली जाते आणि तिच्यात फक्त भाताची एक लोंबी आहे. देवतांची गर्दी मागाहून झाली.

मेघमल्हार (उत्तर)

चर्चा उत्तम चालली आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, किचिजोतेन म्हणजे लक्ष्मी, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल आणि बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, हे पाहता या सातांपैकी बहुतेक देवता भारतीयच आहेत, असे सरळ म्हणायला हरकत नसावी. जपानी चित्रकारांनी त्यांना केवळ वेगळे कपडे घातले.

पूर्वरंग (उत्तर)

मेघमल्हार, आपल्या या विधानाशी मी सहमत नाही, आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘केवळ वेगळे कपडे’ एवढ्या शब्दांत सुमारे हजार वर्षांचा प्रवास पुसला जातो.

दाइकोकुचेच उदाहरण घ्या. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे की येथील मोठ्या विहारांमध्ये स्वयंपाकघराजवळच्या खांबापाशी महाकालाची लाकडी मूर्ती असे. हातात सोन्याची थैली, एक पाय खाली सोडलेला, आणि नेहमी तेल लावून पुसल्यामुळे काळी पडलेली. म्हणजे भयंकर महाकाल जपानमध्ये जाऊन अचानक हसू लागला असे घडलेले नाही. अन्नाची काळजी वाहणारे त्याचे रूप विहारांच्या मुदपाकखान्यातून चीनमार्गे तेथे पोहोचले आणि तेंदाइ या बौद्ध पंथाच्या मठांत स्थिरावले. त्यानंतर जे घडले ते मात्र पूर्णपणे जपानी आहे. जपानी पुराणातील ओकुनिनुशी या देवाच्या नावातील पहिली दोन चिनी अक्षरे ‘दाइकोकु’ अशीही वाचता येतात, त्यामुळे दोन्ही देव एकरूप झाले. इसवी सन 712 मधील कोजिकी या ग्रंथात ओकुनिनुशी पेटलेल्या माळरानात सापडतो आणि एक उंदीर त्याला जमिनीखालची पोकळी दाखवून वाचवतो. चित्रातल्या दाइकोकुच्या पायाशी जो उंदीर दिसतो त्याचा धागा या कथेशीही जुळतो. त्या आकृतीत महाकाल किती आणि ओकुनिनुशी किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

बेन्झाइतेनचेही तसेच. तिच्या नावातील ‘झाइ’ हे अक्षर आधी ‘प्रतिभा’ या अर्थाचे लिहीत. पुढे त्याच उच्चाराचे ‘धन’ या अर्थाचे अक्षर रूढ झाले. विद्येची देवता धनाची देवता झाली ती एका अक्षराच्या बदलातून, आणि ते अक्षर संस्कृत नाही. नाते जरूर सांगावे. मालकी सांगू नये.

लाकूडकाम (उत्तर)

मी स्वतः ठसे कोरतो, म्हणून फक्त कामाच्या अंगाने लिहितो. जलरेघ यांना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

काळ्या शाईच्या चित्राला तुम्ही ‘कमी कष्टांत छापलेला’ म्हटले आहे. छपाईला कष्ट कमी पडले हे खरे, कारण एकच ठसा आहे, त्यामुळे रंगांची जुळणी करावी लागत नाही. कोरण्याचे कष्ट मात्र कमी नसतात. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले मूळ रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवतात आणि मग कागदाचा मागचा थर बोटांनी हळूहळू चोळून काढतात, म्हणजे रेषा लाकडावर उलट्या, पण स्पष्ट दिसू लागतात. मूळ रेखाटन त्यातच नष्ट होते. त्यानंतर प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवायची आणि उरलेले लाकूड पटाशीने काढून टाकायचे. म्हणजे अक्षरवेल यांनी सांगितलेली ती कविता कोरणाऱ्याला आरशातल्यासारखी उलटी दिसत असे, आणि ती शेवटून वाचली तरी तीच राहत असे! मी ती कविता सरावासाठी कोरून पाहिली. ‘नो’ या गोल अक्षराचा आतला भाग कोरताना सुरी लाकडाच्या तंतूंना आडवी जाते आणि वळणावर रेषेचा कपचा उडतो. माझ्या फळीवर पहिल्या ओळीतला ‘नो’ असाच गेला. पुढच्या वेळी मी सुरी न वळवता फळी फिरवत गेलो, तेव्हा वळण साधले.

रंगीत चित्रात नौकेखालचे पाणी नीट पाहा. निळा रंग क्षितिजाजवळ गडद आणि खाली येताना फिका होत गेला असेल तर ती छटा कोरलेली नसते. छापणारा दर वेळी ठशाचा काही भाग ओला करून कुंचल्याने रंग ओढतो आणि मग कागद ठेवून ‘बारेन’ या गोल, चपट्या गादीने मागून घासतो. म्हणून एकाच ठशाच्या दोन प्रतींत पाणी कधीच सारखे नसते. तो निळा प्रशियन निळा असण्याचा संभव मोठा आहे, कारण 1830 च्या सुमारापासून जपानी चित्रांत त्याचा वापर फार वाढला.

जलरेघ (प्रतिसाद)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. ‘कमी कष्टांत’ हे माझे शब्द मी मागे घेते. दोन गोल शिक्के मोठे करून पाहिले. प्रत्येकात दोन-दोन अक्षरे आहेत, म्हणजे ती नावे असावीत. शिक्केच नसतील तर काळ ठरवण्याचा मार्ग बंद होतो का, एवढे मात्र कोणीतरी सांगावे. याच संग्रहात एबिसु आणि एक मोठा मासा असलेले तिसरे चित्र आहे. त्यावर शिक्का नाही आणि चित्रकाराची सहीही नाही. मासा लाल नाही, करडा आहे, आणि त्याला मिशा आहेत.

अक्षरवेल (उत्तर)

मिशा असलेला करडा मासा म्हणजे कॅटफिश, जपानीत ‘नामाझु’. तसे असेल तर तुमचे तिसरे चित्र काळाच्या बाबतीत तिन्हींत सर्वांत नेमके ठरेल, आणि शिक्का नसणे हाच त्याचा पुरावा आहे.

11 नोव्हेंबर 1855 च्या रात्री एदो शहराला मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. भूमीखाली एक प्रचंड नामाझु राहतो आणि काशिमा येथील देव त्याला एका शिळेने दाबून ठेवतो, अशी जुनी समजूत होती. भूकंपाचा दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे दहाव्या महिन्यातला दुसरा होता. या महिन्याला ‘देवांविना महिना’ म्हणत, कारण देशातले सारे देव इझुमो येथे एकत्र जमतात असे मानले जाई. मागे राहतो तो एबिसु. मग काशिमाच्या देवाने जाताना पहारा एबिसुकडे सोपवला आणि एबिसूला डुलकी लागली, असे स्पष्टीकरण चित्रांतून मांडले गेले. काही चित्रांत एबिसु झोपलेला दिसतो, काहींत परतलेल्या देवापुढे ओशाळून बसलेला.

ही चित्रे भूकंपानंतर काही दिवसांतच निघू लागली आणि तपासणीची वाट न पाहता छापली गेली, म्हणून त्यांवर शिक्का नाही, चित्रकाराची सही नाही आणि प्रकाशकाचे नावही नाही. सुमारे दोन महिन्यांत अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. दाइकोकुही त्यांत भेटतो. त्याच्या हातोड्यातून नाणी उडतात आणि ती वेचणारे सुतार, गवंडी आणि छपरे शाकारणारे असतात, कारण उद्ध्वस्त शहर पुन्हा उभारताना पैसा श्रीमंतांच्या कोठारांतून निघून याच लोकांच्या हाती आला. ज्या देवांना लोक उशीखाली ठेवून झोपत होते, त्यांतल्याच एकाला ते पहाऱ्यावर झोपल्याबद्दल जाबही विचारत होते. इतक्या घरोब्याचे नाते मला दुसऱ्या कोणत्याही चित्रपरंपरेत आढळलेले नाही.

पूर्वरंग (उत्तर)

अक्षरवेल यांचे उत्तर वाचून फार आनंद झाला. दाइकोकुचा विषय निघाला आहे म्हणून एक जोड देतो, जरी ती लाकडी ठशाची नाही. बँक ऑफ जपानने 1885 मध्ये काढलेल्या पहिल्या नोटांवर दाइकोकुचे चित्र होते. कागद बळकट व्हावा म्हणून त्यात कोन्याकु या कंदाचे पीठ मिसळले होते, आणि त्यामुळे उंदीर त्या नोटा कुरतडू लागले. उंदीर दाइकोकुचे दूत मानले जातात.

जलरेघ, पहिल्या चित्रातला एकटा वृद्ध नेमका कोणता, हे अजून ठरलेले नाही. वरून उडणाऱ्या करकोच्यावर विसंबू नका, तो नौकेच्या चित्रात एरवीही असतो. काठीला बांधलेली गुंडाळीही दोघांच्या हाती दिसते. वृद्धाचे डोके उघडे आणि शरीराच्या मानाने फार उंच असेल तर तो फुकुरोकुजु. डोक्यावर विद्वानाची टोपी असेल आणि जवळ हरीण असेल तर जुरोजिन.

जलरेघ (प्रतिसाद)

आत्ताच चित्र पुन्हा मोठे करून पाहिले. वृद्धाच्या डोक्यावर काळी टोपी आहे. आणि डाव्या कागदाच्या अगदी कडेला, दाइकोकुच्या गासड्यांमागे, ज्याला मी आजवर नौकेच्या लाकडाचे वळण समजत होते, ते हरणाचे शिंग आहे.